तोतरे बोलणारे मूल आणि त्याची सोबत

प्राथमिक शाळेत हजेरी घेण्यास फार तर पाच मिनिटे लागतात. बहुतेक मुलांच्या दृष्टीने दिवसातील तो सर्वांत सोपा भाग होय. आपला क्रमांक आला की 'हजर' म्हणावयाचे आणि स्वस्थ बसावयाचे. परंतु ज्या मुलाची वाणी शब्दाच्या आरंभीच अडते, त्याला तीच पाच मिनिटे सर्वांत कठीण जातात. त्याचा क्रमांक सतरावा असला, तर दहाव्या क्रमांकापासूनच त्याची छाती धडधडू लागते. सतरावा क्रमांक पुकारला जातो. मुलाचे तोंड उघडते, मान ताठ होते, पण शब्द बाहेर येत नाही. मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज येतो. शिक्षक हजेरीपटावरून मान वर न करता पुढचा क्रमांक घेतात आणि समोर बसलेला मुलगा गैरहजर लागतो.

हा प्रकार दुष्टपणाने होत नाही, घाईने होतो. परंतु तो रोज घडला म्हणजे मूल एक गोष्ट शिकते : आपण बोललो नाही तर कोणाचे अडत नाही. पुढे ते उत्तर येत असूनही हात वर करीत नाही आणि 'माहीत नाही' एवढेच सांगून मोकळे होते. वर्षअखेर त्याच्या नोंदीत 'अबोल' किंवा 'मंद' असा शेरा पडतो. अशा मुलाची ओळख शिक्षकास पटावी आणि त्याला सोबत कशी मिळवून देता येते हे कळावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. तोतरेपणाचे स्वरूप

बोबडे बोलणे आणि तोतरे बोलणे या दोन निराळ्या गोष्टी होत. बोबडे मूल 'र' च्या जागी 'ल' म्हणते. त्याचा उच्चार चुकतो, पण ओघ तुटत नाही. तोतऱ्या बोलण्यात उच्चार ठाऊक असतो, शब्द ठाऊक असतो, केवळ ओघ तुटतो. हे तुटणे तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात अक्षराची आवृत्ती होते, जसे 'पा-पा-पा-पाणी'. दुसऱ्या प्रकारात ध्वनी लांबतो, जसे 'स्स्स्साखर'. तिसऱ्या प्रकारात आवाजच कोंडतो. तोंड बोलण्याच्या तयारीत असते, परंतु काही काळ काहीच ऐकू येत नाही. शिक्षकाची सर्वाधिक फसगत या तिसऱ्या प्रकारात होते, कारण न बोलणे आणि बोलता न येणे ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

अडलेला शब्द जोराने बाहेर काढण्याच्या धडपडीत काही मुले डोळे मिचकावतात, मान झटकतात किंवा मूठ आवळतात. काही मुले याहून चतुर मार्ग काढतात. 'बाबा' हा शब्द अडेल असे वाटले की ती 'वडील' म्हणतात, वाक्य फिरवितात, अडचणीचा शब्द येण्यापूर्वीच बोलणे संपवितात. परंतु स्वतःचे नाव, गावाचे नाव, हजेरीचा क्रमांक आणि गणिताचे उत्तर यांना पर्यायी शब्द नसतो. म्हणून नेमके तेथेच मूल अधिक अडते. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याला पाहून पाहुणे चकित होतात. परंतु तोतरेपणाचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही.

तोतरेपणाचा आरंभ बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान होतो. सुमारे शंभरांतील पाच मुले बालपणी केव्हा तरी काही काळ तोतरे बोलतात. त्यांतील बहुसंख्य मुलांचे बोलणे पुढे आपोआप वा उपचाराने सुरळीत होते. प्रौढपणी हे प्रमाण शंभरांत सुमारे एक एवढे उरते आणि त्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या सुमारे चौपट आढळते. मोठ्या शाळेत अशी दोन-चार मुले असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. ती दिसत नसतील, तर ती नाहीत असे न समजता ती गप्प बसली आहेत काय, हे पाहावे.

२. कारणांविषयीचे समज

मुलाची जीभ जड आहे, जिभेखालची शीर आखूड आहे, लहानपणी ते दचकले, किंवा त्याने दुसऱ्याची नक्कल केली म्हणून त्याला खोड लागली, असे समज घरोघर आढळतात. वेखंड उगाळून चाटविण्याचा उपाय खेड्यांतून अद्याप सांगितला जातो. अशा समजुती केवळ आपल्याकडेच होत्या असे नाही. १८४१ साली बर्लिन येथील डीफेनबाख या नामांकित शस्त्रवैद्याने तोतरेपणावर उपाय म्हणून रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेतले होते. दोष जिभेत आहे, ही त्यामागील कल्पना होती. ती चुकीची ठरली आणि ती शस्त्रक्रियाही मागे पडली.

आजच्या ज्ञानानुसार तोतरेपणाचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे. बोलण्याच्या क्रियेत श्वास, कंठ, जीभ व ओठ यांच्या हालचालींचा मेळ क्षणाक्षणाला बसवावा लागतो. तो मेळ बसविणाऱ्या यंत्रणेत काही मुलांच्या बाबतीत सूक्ष्म फरक असतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोतरेपणाशी संबंधित असलेले काही जनुकीय बदल दाखवून दिले. आईवडिलांच्या वागणुकीमुळे तोतरेपणा उत्पन्न होत नाही आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. भीती व घाई यांनी तो वाढतो, हे मात्र खरे; परंतु वाढविणारे कारण निराळे आणि उत्पन्न करणारे कारण निराळे.

येथे एका गैरसमजाचा स्वतंत्र उल्लेख करणे अवश्य आहे. एकट्याने बोलताना अडणारे मूल सर्वांबरोबर पाढे म्हणताना बहुधा अडत नाही. प्रार्थनेत त्याचा आवाज स्पष्ट लागतो. कविता चालीवर ते सहज म्हणते. घरी वासराशी किंवा तान्ह्या भावंडाशी बोलताना त्याची जीभ कोठेच थांबत नाही. हे पाहून शिक्षक म्हणतात, 'मघाशी सात आठे छप्पन्न खणखणीत म्हणालास, आता एकट्याला विचारले की सोंग करतोस!' हा आरोप अन्यायाचा आहे. सामुदायिक उच्चारात व गाण्यात लय आयती मिळते आणि बोलण्याची जबाबदारी एकट्यावर नसते, म्हणून ओघ टिकतो. एके दिवशी पुष्कळ अडणे आणि दुसऱ्या दिवशी थोडे अडणे, हाही तोतरेपणाचा स्वभावच होय.

३. डॅव्हनपोर्ट येथील प्रयोग व त्याचा धडा

मोठ्यांच्या शब्दाने मुलाच्या वाणीवर काय परिणाम होतो, याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेत घडले आहे. १९३९ साली आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली डॅव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर एक प्रयोग करण्यात आला. जॉन्सन स्वतः तोतरे बोलत असत. मुलाच्या साध्या अडखळण्यास मोठ्यांनी दोष ठरविल्यामुळेच तोतरेपणा जडतो, असे त्यांना वाटत होते. त्यासाठी सुरळीत बोलणाऱ्या सहा मुलांना, 'तुमच्या बोलण्यात दोष दिसतो, तो ताबडतोब थांबवा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका,' अशा आशयाची ताकीद वारंवार देण्यात आली. ती काही महिने चालली.

ती मुले खऱ्या अर्थाने तोतरी झाली नाहीत, असे पुढील काळातील अभ्यासकांनी मूळ नोंदी तपासून दाखविले. परंतु जे झाले ते कमी गंभीर नव्हते. मुले बोलण्यास कचरू लागली, थोडक्यात उत्तरे देऊ लागली, मान खाली घालू लागली. हा प्रयोग दीर्घकाळ लोकांपासून दडून राहिला. २००१ साली तो वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाल्यावर विद्यापीठाने क्षमा मागितली आणि २००७ साली आयोवा राज्याने त्यातील व्यक्तींना व त्यांच्या वारसांना भरपाई दिली. तोपर्यंत ती मुले वृद्ध झाली होती.

यातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध सरळ आहे. ताकिदीने तोतरेपणा निर्माण होत नाही आणि नाहीसाही होत नाही; ताकिदीने मौन निर्माण होते. 'नीट बोल', 'आधी विचार कर आणि मग बोल', 'दीर्घ श्वास घे' ही वाक्ये हितबुद्धीने उच्चारलेली असली, तरी मुलाच्या कानी त्यांचा अर्थ एवढाच पोहोचतो की, तू जसा बोलतोस तसे येथे चालणार नाही.

४. एकटेपणा व सोबतीचा शोध

तोतरे बोलणाऱ्या मुलास आपल्यासारखे दुसरे कोणी भेटलेले नसते. गावात दुसरे मूल तसे असले तरी तेही गप्प असते. त्यामुळे जगात ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे, अशी त्याची समजूत होते. वाणी अडण्याच्या त्रासापेक्षा या समजुतीचा भार पुष्कळदा जड असतो. तो हलका करण्याचे काम विसाव्या शतकात तोतरे बोलणाऱ्या लोकांनीच आरंभिले.

१९४७ साली अमेरिकेतील माल्कम फ्रेझर या व्यापाऱ्याने मेम्फिस येथे तोतरेपणाविषयी माहिती पुरविणारी संस्था स्थापन केली. ते स्वतः तोतरे बोलत असत. १९७७ साली कॅलिफोर्नियात बॉब गोल्डमन व मायकेल शुगरमन यांनी तोतरे बोलणाऱ्यांची परस्परसाहाय्य मंडळे उभारण्यास आरंभ केला. त्यांतून देशव्यापी संघटना वाढली आणि तिचे पत्रक सभासदांच्या घरी जाऊ लागले. ब्रिटनमध्ये १९७८ साली अशीच संघटना निघाली. १९८६ साली जपानमधील क्योतो येथे तोतरे बोलणाऱ्या लोकांची पहिली जागतिक परिषद भरली. १९९५ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९९८ पासून २२ ऑक्टोबर हा दिवस तोतरेपणाविषयीच्या जाणीव-जागृतीसाठी पाळण्यात येतो. भारतात २००८ साली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही संस्था सुरू झाली. तिच्या प्रेरणेने निरनिराळ्या शहरांत स्वसाहाय्य गट चालतात.

या मंडळांतून काय घडते? सभासद वर्तुळ करून बसतात. प्रत्येक जण आपले नाव सांगतो. एखाद्यास त्यासाठी अर्धे मिनिट लागले तरी कोणी त्याचा शब्द पूर्ण करीत नाही, कोणी घड्याळ पाहत नाही. ज्याने आयुष्यभर आपले नाव टाळले, तो येथे ते प्रथमच शेवटपर्यंत उच्चारतो. पत्रकांचे कार्यही याच जातीचे असते. दुकानात वस्तू मागणे, दूरध्वनी उचलणे, मुलाखतीस जाणे अशा साध्या प्रसंगांचे अनुभव त्यांत सभासद लिहितात. दूर गावी एकटा राहणारा वाचक ते वाचतो, तेव्हा आपलीच हकीकत दुसऱ्याच्या हस्ताक्षरात सापडल्यासारखे त्यास वाटते. लेखणी अडत नाही, हाही पत्रकाचा मोठा गुण होय.

५. मंडळ व पत्रक यांची पारख

पालक शिक्षकाकडे सल्ल्यास येतात, तेव्हा कोणते मंडळ किंवा पत्रक विश्वसनीय मानावे हे शिक्षकास सांगता आले पाहिजे. त्यासाठी पुढील कसोट्या उपयोगी पडतील.

(अ) थोड्या दिवसांत तोतरेपणा समूळ घालविण्याची हमी जेथे दिली जाते, तेथून दूर राहावे. शाळकरी वयानंतर टिकून राहिलेल्या तोतरेपणावर असा हमखास उपाय नाही. उपचाराने बोलणे पुष्कळ सुकर होते. पण प्रामाणिक तज्ज्ञ हमी देत नाही.

(आ) मंडळाच्या कामात तोतरे बोलणारे लोक स्वतः पुढे आहेत काय, हे पाहावे. ज्या ठिकाणी ते केवळ दयेचे विषय असतात, तेथे मुलाचा संकोच वाढतो.

(इ) मंडळ तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही आणि तज्ज्ञ मंडळाची जागा घेऊ शकत नाही. एक वाणीस साहाय्य करतो, दुसरे मनास. जे मंडळ उपचार सोडून देण्यास सांगते, त्याविषयी सावध असावे.

(ई) बहुतेक मंडळे प्रौढांची असतात. मूल तेथे जाणार असेल तर पालक बरोबर असावेत. मुलाचे नाव, छायाचित्र किंवा शाळेचा पत्ता कोठेही प्रसिद्ध करू नये.

(उ) नेण्यापूर्वी मुलास विचारावे. ते 'नको' म्हणाले तर काही महिने थांबावे.

तज्ज्ञांच्या बाबतीत मुंबई येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या मान्यवर संस्था होत. मात्र प्रत्येकास तेथवर जाणे शक्य नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या वेळी अशा मुलाची नोंद आवर्जून करून द्यावी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचातज्ज्ञाची भेट कशी मिळेल याची चौकशी करावी. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत उपचार विशेष फलदायी ठरतात. म्हणून अंगणवाडीत किंवा पहिलीत आढळलेले मूल 'मोठेपणी सुधारेल' म्हणून सोडून देऊ नये. तोतरेपणा काही महिने टिकला असेल, किंवा घरात आणखी कोणी तोतरे बोलत असेल, तर त्वरा करावी.

६. वर्गातील आचरण

ज्या गावी मंडळ नाही आणि पत्रक येत नाही, तेथे वर्गानेच मुलाची सोबत करावयाची असते. त्यासाठी खर्च लागत नाही. पुढील पथ्ये मात्र पाळावी लागतात.

मूल बोलत असता त्याच्या चेहऱ्याकडे नेहमीप्रमाणे पाहावे आणि शब्द पुरा होईपर्यंत थांबावे. त्याचा शब्द आपण पुरा करू नये. ते काय म्हणाले यास उत्तर द्यावे, कसे म्हणाले यास नव्हे. शिक्षकाने स्वतः सावकाश बोलावे व प्रश्न विचारल्यावर सर्वच मुलांना क्षणभर अवधी द्यावा. त्यामुळे एकाच मुलाला सवलत मिळाली असे दिसत नाही.

पूर्वी शिक्षकांना असे सांगण्यात येई की, तोतरेपणाचा विषय मुलाजवळ काढूच नये. आज ते मत मागे पडले आहे. ज्या गोष्टीविषयी मोठी माणसे बोलत नाहीत ती लाजिरवाणी असली पाहिजे, असे मूल समजते. म्हणून मधल्या सुटीत, इतर मुले नसताना, शिक्षकाने त्यास सरळ विचारावे : 'कधी कधी तुझा शब्द अडतो, हे मला ठाऊक आहे. त्यात तुझी चूक नाही. मी काय केले म्हणजे तुला सोपे जाईल?' मुलाची उत्तरे पुष्कळदा अगदी साधी असतात. एखाद्यास आपली पाळी लवकर यावी असे वाटते, म्हणजे वाट पाहण्याचा काच टळतो. एखाद्यास हजेरीच्या वेळी 'हजर' ऐवजी हात वर करणे बरे वाटते. मग तीच पद्धत काही दिवस सगळ्या वर्गासाठी ठेवावी. प्रकट वाचनात प्रथम दोघांनी मिळून वाचावे, पुढे जोडीदाराने हळूहळू आवाज कमी करावा. तथापि मुलास तोंडी कामातून कायमचे वगळू नये. सदैव सूट देणे म्हणजे त्याच्या मौनास शाळेने मान्यता देण्यासारखे होय.

हसण्याचा बंदोबस्त शिक्षकानेच केला पाहिजे. 'तत-पप करू नकोस' असा वाक्प्रचार मोठी माणसेही सहज वापरतात. तो वर्गात वापरू नये. 'तोतऱ्या' हे टोपणनाव पहिल्याच दिवशी थांबवावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा वर्गाच्या समजुतीचा उपयोग अधिक. कोणास पोहता येत नाही, कोणास फळ्यावरचे दिसत नाही, कोणाचा शब्द अडतो, असे चार प्रकार एकत्र सांगितले म्हणजे मुलांना ते पटते.

पत्रकाची उणीव शाळेचे भित्तिपत्रक काही अंशी भरून काढू शकते. अडखळणाऱ्या मुलाकडे त्यातील एखादे सदर सोपवावे. त्याच्या मनातील गोष्टी वर्गासमोर येतात आणि तो 'मंद' नाही हे न सांगता सिद्ध होते. केंद्रातील दुसऱ्या शाळेत असेच मूल असल्यास, दोन्ही घरच्या संमतीने त्यांची भेट घडवावी अथवा पत्रव्यवहार सुरू करून द्यावा. दोन मुलांचे मंडळ हेही मंडळच होय.

७. समारोप

शिक्षक हा वाचातज्ज्ञ नव्हे. मुलाचा तोतरेपणा नाहीसा करण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. अडलेला शब्द बाहेर येईपर्यंत वाट पाहणे आणि त्या मुलाला आपण एकटे नाही असे कळू देणे, एवढे त्याचे काम आहे. त्यासाठी हजेरीला पाचांऐवजी सहा मिनिटे लागतील. परंतु त्या सहा मिनिटांत वर्गातील प्रत्येक मूल खऱ्या अर्थाने हजर लागेल.

शिक्षण परिषदेतील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात 'अबोल' असा शेरा मिळालेली किती मुले आहेत? त्यांपैकी कोणाचा शब्द अडतो, हे कसे ओळखता येईल?

२. पाढे सुरळीत म्हणणारे मूल एकट्याने उत्तर देताना का अडते?

३. डॅव्हनपोर्ट येथील मुले तोतरी झाली नाहीत, तरी त्यांची हानी झाली असे का म्हणावयाचे?

४. सात दिवसांत तोतरेपणा घालविण्याची जाहिरात घेऊन पालक आले, तर त्यांना काय सांगाल?

५. हजेरी, प्रकट वाचन व तोंडी परीक्षा या तीन प्रसंगी आपल्या शाळेत कोणते बदल करता येतील? ते सगळ्या वर्गासाठी कसे ठेवता येतील?